घरच्या घरी इनक्युबेटरमध्ये पिल्लं काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावरान, असील, कडकनाथ अशा देशी कोंबड्या पाळणाऱ्या घरांत आता छोटा इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, सर्रास दिसतो. पहिल्या खेपेला तीस अंड्यांतून सहा-सात पिल्लं निघाली की सगळा राग मशीनवर निघतो. पण बहुतेक वेळा गोम दुसरीकडेच असते: एक तर अंडी नीट निवडलेली नसतात, नाही तर आर्द्रतेचा छापील आकडा डोळे झाकून पाळलेला असतो. मशीनच्या स्क्रीनपेक्षा अंड्यातली हवेची पोकळी जास्त खरं सांगते, आणि ती बघायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

किराणा दुकानातली अंडी मशीनमध्ये ठेवली तर पिल्लं निघतील का?

नाही. दुकानातली पांढरी अंडी लेअर फार्मवरून, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मवरून येतात. तिथे पिंजऱ्यात फक्त कोंबड्या असतात, कोंबडा नसतोच. कोंबडा न लागलेल्या कोंबडीचं अंडं कितीही उबवलं तरी त्यात जीव धरत नाही. 'गावरान' म्हणून विकलेल्या तपकिरी अंड्यांचंही बऱ्याचदा तेच असतं, कारण कवचाच्या रंगावरून काहीच ठरत नाही.

अंडी आपल्या खुराड्यातली घ्या, नाही तर ओळखीच्या माणसाकडची. आठ-दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा हवा. कोंबडा नवीन सोडला असेल तर आठ-दहा दिवस थांबून मग अंडी गोळा करा. जात शुद्ध ठेवायची असेल तर जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे तरी जाऊ द्या, कारण कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन आठवडे आणि कधी त्याहूनही जास्त टिकतं.

गिरिराज, वनराज यांची अंडी उबवली तर तशीच पिल्लं मिळतात का?

पिल्लं निघतात, पण आई-बापासारखी निघतील याचा भरवसा नाही. गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाला आणि वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रात. दोन्ही संकरित पक्षी आहेत. पुढच्या पिढीत वजन, रंग, अंड्यांची संख्या सगळं विखुरतं. तसेच पक्षी हवे असतील तर पशुसंवर्धन विभागाच्या उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणणं परवडतं. घरच्या मशीनचा खरा उपयोग गावरान, असील, कडकनाथ अशा देशी जातींसाठी आहे.

कडकनाथाबद्दल एक सांगून ठेवतो. त्याचं मांस, कातडी, हाडं काळी असतात, पण अंडं मात्र फिकट मलई रंगाचं असतं. काळं अंडं म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

अंडी किती दिवस साठवता येतात? फ्रीजमध्ये ठेवू का?

सात दिवसांपर्यंत साठवा. त्यानंतर दर दिवसागणिक पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरत जातं. साठवणीला १३ ते १८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. आपल्याकडे एवढा गारवा हिवाळ्यातल्या रात्री सोडल्या तर मिळत नाही, म्हणून घरातला सगळ्यात थंड, अंधारा कोपरा शोधा. माठाशेजारी, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवलेली टोपली चांगलं काम देते, फक्त अंड्यांना पाणी लागू देऊ नका. उन्हाळ्यात सात दिवसांचा हिशोब सोडा आणि तीन-चार दिवसांतच मशीन भरा.

फ्रीजमध्ये ४-५ अंश असतात. तेवढ्या थंडीत कोवळा जीव मरतो. दाराच्या कप्प्यात काही दिवस राहिलेल्या अंड्यांतूनही कधी पिल्लं निघतात, पण त्या भरवशावर अख्खी खेप लावू नये.

अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवा. कुरिअरने आलेली असतील तर याच स्थितीत बारा ते चोवीस तास राहू द्या, म्हणजे हलून सैल झालेली हवेची पोकळी स्थिरावते. थंड जागेतली अंडी थेट गरम मशीनमध्ये ठेवली तर त्यांना घाम फुटतो आणि त्या ओलाव्याबरोबर जंतू छिद्रांतून आत जातात. आधी काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मळकी अंडी धुवावीत का?

धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो आणि तोच जंतूंना अडवतो. किरकोळ माती कोरड्या फडक्याने हलकेच काढा. विष्ठेने माखलेलं, तडा गेलेलं, वेडंवाकडं, फारच मोठं किंवा फारच लहान अंडं बाजूला ठेवा. खुराड्यातल्या खोक्यात कोरडं गवत घालत गेलात आणि अंडी दिवसातून दोनदा उचललीत तर हा प्रश्न फारसा येतच नाही.

थर्माकोलच्या खोक्यातलं घरगुती मशीन चालतं का?

उत्तम चालतं. खोका, बल्ब किंवा हीटर, छोटा पंखा आणि चांगला कंट्रोलर एवढंच लागतं. बाजारात मिळणारा एक्सएम-१८ कंट्रोलर तापमान, आर्द्रता आणि अंडी फिरवणारी मोटर, तिन्ही सांभाळतो. पंख्यावर पैसे वाचवू नका. पंखा नसलेल्या खोक्यात वर एक तापमान, खाली दुसरं आणि कोपऱ्यात तिसरंच असतं. खोक्याला वर-खाली भोकं हवीतच, कारण अंडं श्वास घेतं आणि शेवटच्या आठवड्यात तर भरपूर घेतं.

मशीन भरण्याआधी चोवीस तास रिकामं चालवून बघा. वीजबिलाची भीती बाळगू नका. १०० वॉटचा हीटर निम्मा वेळ चालला तरी दिवसाला १.२ युनिट, म्हणजे २१ दिवसांना २५ युनिटच्या आसपास.

तापमान नेमकं किती ठेवायचं?

पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.८ अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८. सेन्सर अंड्यांच्या उंचीवरच लावा. तो वर छताला लटकवला तर स्क्रीन ३७.७ दाखवेल आणि अंडी भलत्याच तापमानात असतील.

नवीन कंट्रोलरवर लगेच विश्वास ठेवू नका. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर घरात असतोच. भांड्यात ३८ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या, थर्मामीटरचं टोक आणि कंट्रोलरचा जलरोधक सेन्सर शेजारी-शेजारी बुडवा आणि आकडे ताडून बघा. अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक नेहमी निघतो, आणि २१ दिवस तेवढा फरक राहिला तर निकाल पार बदलतो.

चूक व्हायचीच असेल तर ती थोड्या थंडाव्याच्या बाजूने झालेली बरी. थंडाव्याने पिल्लं उशिरा निघतात. ४० अंशांच्या वर काही तास गेले तर मरतात.

आर्द्रता ५०-५५ टक्के ठेवा असं लिहिलेलं असतं. मग कोकणात आणि विदर्भात सारखंच पाणी घालायचं का?

याच प्रश्नावर सगळ्यात जास्त अंडी वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

अंडं उबताना त्यातलं पाणी हळूहळू उडून जावं लागतं. पहिल्या १८ दिवसांत वजन साधारण ११ ते १३ टक्के घटायला हवं. जेवढं पाणी जातं तेवढी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं असतं, त्याला फिरायला जागा मिळत नाही आणि ते आतच गुदमरतं. पाणी जास्त उडालं तर आतली पापुद्र्याची त्वचा सुकून पिल्लाला चिकटते.

आता हवेकडे बघा. रत्नागिरीत जुलैमध्ये बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांना तापल्यावर तिची आर्द्रता ४९ टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे एक थेंब पाणी न घालता तुम्ही हव्या त्या आकड्यापाशी आहात. वर पाण्याची वाटी भरून ठेवलीत तर अंडी वाळतच नाहीत. उलट नागपुरात डिसेंबरमध्ये खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा मशीनमध्ये १८ टक्क्यांवर येते. तिथे एक वाटीही पुरायची नाही. एकच माहितीपत्रक दोन्ही ठिकाणी पाळलं तर एकीकडे पिल्लं बुडतात, दुसरीकडे सुकतात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. समजा ४५ ग्रॅमची वीस अंडी आहेत, एकूण ९०० ग्रॅम. १८ दिवसांत १२ टक्के म्हणजे १०८ ग्रॅम घटायला हवेत, अर्थात रोज ६ ग्रॅम. सातव्या दिवशी ट्रेचं वजन सुमारे ४२ ग्रॅमने कमी दिसलं पाहिजे. फक्त २५ ग्रॅम घटलं असेल तर पाणी काढून घ्या आणि झरोके उघडा. ६५ घटलं असेल तर पाणी वाढवा. सातव्या दिवशी ट्रेमधून वांझ अंडी काढलीत तर उरलेल्यांचं वजन नव्याने लिहून ठेवा, नाही तर पुढचा हिशोब चुकतो.

पाणी वाढवायचं म्हणजे वाटी खोल करायची नाही, पसरट करायची. हवेला लागणारा पृष्ठभाग वाढला तर आर्द्रता वाढते. वाटीत स्पंजचा किंवा सुती फडक्याचा तुकडा उभा केला तरी चालतं. पाणी नेहमी कोमट घाला.

आर्द्रता दाखवणारं मीटर बरोबर आहे हे कसं कळेल?

मिठाने. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ओलसर करा, पण विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ च्या आसपास दाखवलं पाहिजे. ६८ दाखवत असेल तर तुमचं मीटर ७ ने कमी दाखवतं, तेवढं मनात धरून वाचा.

अंडी दिवसातून किती वेळा फिरवायची?

हाताने फिरवत असाल तर किमान तीन वेळा, पाच वेळा झालं तर उत्तम. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे लांबलचक रात्र दरवेळी वेगळ्या कुशीवर जाते. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. स्केचपेन नको. बलक वर तरंगत असतो आणि त्यावरचा कोवळा जीव एकाच जागी राहिला तर कवचाच्या आतल्या त्वचेला चिकटतो. पहिला आठवडा या बाबतीत सगळ्यात नाजूक. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद.

रोज जमतील तशी अंडी मशीनमध्ये टाकत गेलं तर?

एकच मशीन असेल तर नको. काही अंडी फिरवायची आणि काही अजिबात हलवायची नाहीत, काहींना कोरडी हवा लागते आणि काहींना दमट, असं दोन्ही एका खोक्यात साधत नाही. सात दिवसांची अंडी जमवा आणि एकदम भरा. दर आठवड्याला पिल्लं हवी असतील तर शेवटच्या तीन दिवसांसाठी वेगळं छोटं हॅचर करा.

मध्येच वीज गेली तर?

घाबरू नका. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटं अंडी उघडी टाकून उठते. आपल्या हवामानात दोन-चार तास वीज नसली तर बहुतेक अंडी तगतात, पिल्लं फार तर काही तास उशिरा निघतात. झाकण उघडून बघत बसू नका. खोक्यावर गोधडी टाका, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा, पण त्या अंड्यांना टेकू देऊ नका. शेवटच्या आठवड्यात झरोके बंद करू नका, कारण तेव्हा पिल्लं स्वतःची ऊब तयार करत असतात आणि त्यांना उबेपेक्षा हवेची निकड जास्त असते. वीज आल्यावर भरपाई म्हणून तापमान वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय.

भारनियमनाच्या गावात १२ व्होल्टवर चालणारं मशीन आणि एक बॅटरी घेतली की रात्री झोप लागते.

भर उन्हाळ्यात मशीन लावावं का?

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिल-मेमध्ये टाळाच. मशीन फक्त गरम करू शकतं, थंड करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४१ अंश झाले की हीटर बंद असूनही अंडी शिजत राहतात. त्यात त्या दिवसांत कोंबड्यांची अंडीही पातळ कवचाची आणि कमी फलित असतात. लावायचंच असेल तर जमिनीलगतची, जाड भिंतींची, तीस अंशांच्या आत राहणारी खोली हवी.

अंड्यात जीव धरला की नाही हे कधी आणि कसं बघायचं?

सातव्या दिवशी, रात्री, अंधाऱ्या खोलीत. मोबाइलचा टॉर्च लावा, त्यावर मूठ अशी धरा की मधून छोटं भोक राहील, आणि त्या भोकावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मधोमध गडद ठिपका. अंडं स्थिर धरून थोडं थांबा. तो ठिपका लहानशी उसळी घेतो. तो पिल्लाचा डोळा असतो, आणि पिल्लू आत खरंच हलत असतं. हे एकदा घरातल्या मुलांना दाखवाच.

वांझ अंडं नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसतं. शिरा नाहीत पण लाल गोल कडं दिसत असेल तर जीव धरून मेला आहे. दोन्ही काढून टाका, ठेवली तर सडतात, आणि सडलेलं अंडं मशीनमध्ये फुटलं की शेजारची चांगली अंडीही जंतूंनी जातात. शंका असेल तर अंडं ठेवा आणि तीन दिवसांनी पुन्हा बघा. गडद तपकिरी अंड्यांत दहाव्या दिवसाआधी खात्रीने काही दिसत नाही.

चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पुन्हा बघा आणि दरवेळी हवेच्या पोकळीची कड पेन्सिलने आखून ठेवा. अठराव्या दिवशी अंडं जवळजवळ सगळं काळं आणि वरचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळा दिसायला हवा.

शेवटच्या तीन दिवसांत काय बदलायचं?

अठराव्या दिवशी अंडी फिरवणाऱ्या ट्रेमधून काढून आडवी ठेवा, खाली खरखरीत जाळी किंवा सुती कापड पसरा. आर्द्रता ६५ ते ७५ टक्क्यांवर न्या. झरोके मोकळे ठेवा. मग झाकण बंद ते बंद. झाकण उघडलं की दमट हवा एका क्षणात बाहेर पडते आणि टोच मारलेल्या अंड्याची त्वचा सुकून कडक होते. शेजारी-पाजारी बघायला येतील, त्यांना काचेतूनच दाखवा.

पिल्लाने टोच मारली आणि बारा तास झाले तरी बाहेर आलं नाही. मदत करू का?

थांबा. हा थांबण्याचाच वेळ आहे.

आधी पिल्लू आतली त्वचा फोडून हवेच्या पोकळीत चोच काढतं. तेव्हापासून बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते. मग चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या कणाने ते कवचाला पहिली चीर देतं. बाहेरून चांदणीच्या आकाराचा तडा दिसतो. त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा कवचाला लागून असलेल्या रक्तवाहिन्या रिकाम्या होत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. याला बारा ते चोवीस तास लागतात. ते पुरं झालं की पिल्लू आत गोल फिरत कवच कापत जातं आणि पायांनी ढकलून झाकण उडवतं. हा शेवटचा भाग बऱ्याचदा तासाभरात आटोपतो.

मध्येच कवच सोललंत तर वाहत्या रक्तवाहिन्या तुटतात आणि बलक बाहेरच राहतो. बरंच पुढे गेलेलं पिल्लूही असं मरतं. बाकीची सगळी निघून गेली, पहिल्या टोचेला चोवीस तास उलटले आणि त्वचा पांढरी, कागदासारखी सुकलेली दिसते, एवढं सगळं जुळलं तरच हात घाला. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्वचा ओलसर करा, चिरेभोवतीचं कवच चिमटीभर काढा, लाल दिसलं की लगेच थांबा आणि अंडं परत आत ठेवा.

ढगांच्या गडगडाटाने अंडी खराब होतात का? खोक्यात कोळसा किंवा लोखंडाचा खिळा ठेवू का?

आवाजाने अंड्याला काही होत नाही. जुन्या माणसांनी वळवाच्या दिवसांत पिल्लं कमी निघताना पाहिली, ते निरीक्षण खोटं नाही. पण त्या दिवसांत आधी कडक ऊन, मग अचानक दमट हवा आणि आता त्याच्या जोडीला वीज जाणं, हे सगळं एकत्र येतं. कोळशाने किंवा खिळ्याने नुकसान नाही, फायदाही नाही.

लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग (कोवळी कोंबडी), हे खरं का?

नाही. नर की मादी हे कोंबडीकडूनच, अंडं तयार होतानाच ठरतं आणि बाहेरून कळत नाही. मशीनचं तापमान बदलूनही ते बदलत नाही.

बदक, लावा, गिनी यांची अंडी त्याच मशीनमध्ये चालतील?

मशीन तेच, दिवस वेगळे. जपानी लावा १७-१८ दिवस, कोंबडी २१, गिनी २६ ते २८, टर्की २८, साधं बदक २८ आणि मस्कोव्ही बदक ३३ ते ३५ दिवस. एका खेपेत एकच प्रकार लावा.

पिल्लं निघाल्यावर लगेच दाणापाणी द्यायचं का?

घाई नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं. अंग सुकून फुललं की चोवीस तासांच्या आत बाहेर काढा, ओलं असताना नको. उशिरा निघणाऱ्या पिल्लांची वाट बघत आधीच्यांना दोन-दोन दिवस आत कोंडू नका.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देणारी जागा, आधीच तापवून ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बरोबर सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते, कडेला पळून चोच उघडून धापत असतील तर उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत असतील तर ठीक. खाली भाताचं तूस आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर खरखरीत कागद. नुसत्या गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि पिल्लू अधू होतं.

पहिलं पाणी कोमट द्या, त्यात थोडा गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, मग ती आपोआप पितात. पाण्याचं भांडं उथळ आणि त्यात खडे. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा, पुढे चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. ब्रूडर गोल ठेवा, कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून दबतात. आणि उंदीर, मांजर, मुंगूस यांचा बंदोबस्त पिल्लं निघण्याआधी करून ठेवा.

पिल्लं खुडूक कोंबडीखाली सोडता येतील का?

जरूर, आणि जमलं तर ब्रूडरपेक्षा तेच करा. कोंबडी निदान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली हवी. रात्री अंधारात एक-एक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवा आणि खालची अंडी काढून घ्या. सकाळी उजाडायला हजर राहा. तिने टोचायला सुरुवात केली तर पिल्लं लगेच उचलावी लागतात.

लस कोणती आणि कधी?

निदान मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवू नका. पाच ते सात दिवसांच्या वयात लासोटा ही राणीखेतची लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, पुढे मोठ्या वयात देवी आणि राणीखेतची पुढची मात्रा. नेमकं वेळापत्रक तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. लसीची बाटली बऱ्याच मात्रांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा आळीतल्या चार घरांनी एकाच दिवशी ठरवलं तर सगळ्यांचं भागतं. बर्फाशिवाय खिशात घालून आणलेली लस दिली काय आणि न दिली काय, सारखंच.

बाहेरून अंडी आणताना त्या कळपात मर सुरू नाही ना, हे विचारा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ आणि २०२१ अशी दोनदा बर्ड फ्लूची झळ बसली. पक्षी एकाएकी मरू लागले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. एरवीही पिल्लं हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवायचे आणि पिल्लांचे मुके घ्यायचे नाहीत.

न फुटलेली अंडी फेकून द्यायची का?

आधी फोडून बघा. नाक दाबून का होईना, पण बघा, कारण पुढची खेप इथेच सुधारते.

आत काहीच नसेल तर कोंबडा कमी पडतोय किंवा अंडी जुनी होती. पहिल्या तीन-चार दिवसांतच मेलेली जास्त असतील तर साठवण किंवा सुरुवातीचं तापमान तपासा. मधल्या काळात मेलेली असतील तर कोंबड्यांच्या खाण्याकडे वळा. ब २ जीवनसत्त्व कमी पडलं की पिल्लं याच टप्प्यावर जातात. नुसत्या ज्वारी-तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना हिरवा पाला आणि ब्रीडरचं, म्हणजे पिल्लं काढण्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांचं खाद्य सुरू करा.

पूर्ण वाढलेलं, चिकट पाण्यात फुगलेलं पिल्लू दिसलं तर पहिल्या १८ दिवसांत आर्द्रता जास्त झाली. सुकलेल्या त्वचेत गुंडाळलेलं असेल तर कमी. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच पिल्लं निघाली आणि बेंबी ओली, रक्ताळलेली असेल तर तापमान जास्त. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी मोठ्या पोटाची, मंद पिल्लं निघाली तर कमी. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडी उलटी भरली गेली असण्याची शक्यता मोठी.

फलित अंड्यांपैकी सत्तर टक्के पिल्लं घरच्या मशीनमधून निघाली तर काम चांगलं झालं असं खुशाल समजा.

निम्मे कोंबडेच निघतात. त्यांचं काय करायचं?

हा विचार मशीन भरण्याआधी व्हायला हवा. बारा पिल्लांत सहाच्या आसपास कोंबडे निघणार, आणि दोन महिन्यांनंतर ते एकमेकांत भांडू लागणार. शहरात सोसायटीत राहत असाल तर पहाटेच्या बांगेचाही विचार करा. 'तुम्ही वाढवा, आम्ही चढ्या भावाने परत घेतो' अशा योजनांवर विसंबून मोठी खेप लावू नका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या अशाच योजनेत फसल्याच्या तक्रारी अनेक शेतकऱ्यांनी केल्या होत्या.

गावरान कोंबड्याला खरं गिऱ्हाईक आखाडात असतं. श्रावण लागला की मागणी बसते ती थेट नवरात्र संपेपर्यंत. गावरान कोंबडा विक्रीजोगा व्हायला साधारण पाच महिने लागतात. संक्रांतीच्या सुमारास मशीन भरलं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला पिल्लं निघतात, थंडीमुळे अंडीही चांगली मिळतात, आणि कोंबडे बरोबर आखाडात तयार होतात. तलंगा मात्र ठेवून घ्या.